दोघांनी कापलेला दांडा

वासंती भंगाळेला त्या दुपारी जळगावच्या बसस्टँडवर जाऊन मिळण्यासारखं फार नव्हतं. धुळ्याहून आलेली एक फ्लॉपी, ऑफिसातून अर्ध्या तासाची सुटका, आणि जमलंच तर कोपऱ्यावरच्या गाड्यावर उसाचा रस, तोही पदरच्या पैशाने. अशा कामाला रतिलालशेठ शिपाई ठेवत नसत. शिकलेली मुलगी फुकट असताना शिपायाला पगार कशाला, हा त्यांचा साधा हिशोब.

शेठचं ऑफिस नव्या पेठेत, कापडाच्या दुकानावर. फैजपूरकडच्या केळीवाल्यांच्या एका संस्थेला त्यांनी कॉम्प्युटरचा काटा करून द्यायचं कबूल केलं होतं. ट्रक काट्यावर चढला की आकडा आपोआप पडद्यावर यावा आणि पावती छापून निघावी. काटा जोडला जात होता धुळ्यात, शेठच्या मेहुण्याच्या कारखान्यात. त्यामुळे काट्याशी बोलणारा प्रोग्रामचा तुकडा तिथेच, सी भाषेत लिहिला जाई. पडदा आणि पावत्या वासंती जळगावात व्हिज्युअल बेसिकमध्ये करी. एकाचं दुसऱ्यावाचून अडलेलं, आणि मधल्या फोनला शेठने कुलूप घातलेलं. म्हणून फ्लॉपी यायची बिस्किटाच्या डब्यातून, नथ्थू कंडक्टरच्या हाती.

त्या दिवशी नथ्थू मोकळ्या हातांनी उतरला.

"ताई, आज डबा नही," तो म्हणाला. "आज मानूसच लई उनू."

त्याच्यामागून एक किडकिडीत तरुण उतरला. परतीच्या पावसाने खिडकीकडची अर्धी बाही भिजवलेली, बाकीचा शर्ट कोरडा. फ्लॉपी मात्र प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वरच्या खिशात, अगदी जपून. वासंतीने त्याला आजवर फक्त 'एल. एस. बोरसे' म्हणून ओळखलं होतं आणि मनात चाळिशीचा, टक्कल पडत चाललेला गृहस्थ रंगवून ठेवला होता.

"लोटन," त्याने नाव सांगितलं. "लोटन बोरसे. साक्रीकडचा."

तिने ओठ दाबून धरले. आजोबांच्या पिढीतलं नाव, आणि धारण करणारा पंचविशीचा.

"हसा की," तो म्हणाला. "एल. म्हटलं की लोकांना ललित वाटतं. मी कुणाचा गैरसमज मोडत नाही."

"मग माझा का मोडलात?"

"तुम्ही मला आधीच शिव्या घालून झाल्यात. आता लपवून काय उरलं?"

शिव्या म्हणजे मागच्या फ्लॉपीतली तिची एक ओळ… 'तुमच्या तुकड्याला हात लावला की माझं मशीन बंद पडतं, पुढच्या वेळी तपासून पाठवा.' धुळ्यात म्हणे तोच तुकडा मुकाट चालत होता. म्हणून शेठच्या मेहुण्याने माणूसच पाठवला. परतीचं भाडं शेठ देणार की मेहुणा, हे मात्र ठरलेलं नव्हतं, आणि लोटनला ते ठाऊक होतं. रसाचे पैसे त्याने तरीही आपणच दिले. वासंतीने ही गोष्ट नोंदवून ठेवली.

ऑफिसात त्याने कीबोर्डला हात लावला नाही. तिच्या मागे उभा राहून, तिने आपल्या प्रोग्राममधून त्याचा तुकडा कसा बोलावलाय तेवढंच बघितलं. मग हळूच म्हणाला, की तुम्ही मला टीचभर पिशवी देता आणि तीत दहा शेर धान्य भर म्हणता.

तिने खुर्ची वळवली. लोटनने समजावलं ते असं. बेसिकमध्ये मागून आवरणारं कुणीतरी असतं. अक्षरांना जागा कमी पडली तर ते वाढवून देतं, काम झालं की उचलून ठेवतं. लिहिणाऱ्याला पत्ताही लागत नाही. सीमध्ये असं कुणी नसतं. त्याला जी जागा दाखवाल तिथे तो लिहितो. जागाच ठेवली नसेल तर शेजारच्या जागेत लिहितो. मग शेजारी बोंबलतो आणि मशीन बसतं.

"म्हणजे चूक तुमचीच," वासंती म्हणाली. "न विचारता शेजारच्या घरात घुसता कशाला?"

"तिथे दारंच नसतात मॅडम. कळणार कसं, घर बदललं ते?"

तिने मग पिशवी हाती देण्याआधी तीत आकडा मावेल एवढ्या कोऱ्या जागा भरल्या. लोटनने सोबत आणलेली डबी तारेने जोडली. ती काट्यासारखे खोटे आकडे पाठवी. पडद्यावर पहिला आकडा उमटला. खोट्या ट्रकचं खोटं वजन. पण दोघांनी त्याच्याकडे असं बघितलं, की शेठलाही आतल्या खोलीतून उठून यावं लागलं.

बघणाऱ्याला दिसलं असतं, की ही दोन माणसंही आपापल्या भाषेवर गेली होती. वासंतीचं सगळं मागून आवरलं जाई. डबा आई गावाहून पाठवे, जळगावातली खोली मावशीच्या वाड्याला लागून, आणि नवरा शोधायचं काम वडील सुपडूभाऊ करीत. लोटन धुळ्याला देवपुरात एकटा राहायचा. त्याच्या खोलीत पेला विसळायचा राहिला तर तो दुसऱ्या दिवशी तसाच भेटायचा.

वासंतीला नोकरी होती ती एका सौद्यावर. सुपडूभाऊंची फैजपूरला केळीची बाग होती आणि भुसावळचं एक स्थळही हाताशी होतं. प्लास्टिकच्या पाइपांचं दुकान, दुमजली घर, एकुलता मुलगा. तेव्हा आई प्रमिलाबाई मध्ये पडली होती. एरवी न बोलणारी बाई. पण त्या दिवशी नवऱ्याला म्हणाली, की पोरीची नोकरी आहे तोवर स्थळ काढू नका, नोकरी सुटली की तुम्ही म्हणाल तिथे देऊ. शब्द आईचा होता. म्हणजे वासंतीच्या दृष्टीने रतिलालशेठचं ऑफिस हेच भुसावळच्या वाटेवरचं फाटक. ते उघडलं की संपलं.

ही हकीकत तिने लोटनला रस पिता पिता सांगितली, हसत हसत. आता तो दर शनिवारी येई. शेठने भाड्याचा सोक्षमोक्ष लावला होता, निम्मं निम्मं. लोटन हसला नाही. पाइप किती इंची विकतो, एवढंच विचारलं.

दुसऱ्या एका शनिवारी त्याने विचारलं, की वजनाचा आकडा तुम्हाला प्रतीने हवा की पत्त्याने? प्रत दिली तर तुमच्याकडे नक्कल येते. तिचं काहीही करा, मूळ तिकडे सुरक्षित. पत्ता दिला तर समोरचा थेट मूळ जागी येतो, आणि तिथे असलेलं बदलूही शकतो.

"मी नेहमी प्रत देते," वासंती म्हणाली. "बरी असते. कुणाचा काही त्रास नाही."

"खरंय. पत्ता द्यायला भरवसा लागतो."

"आणि दिला… तर तुम्ही काय कराल?"

लोटनने पेल्यातला बर्फ हलवला. "एकदाच येईन. जे असेल ते बदलून जाईन."

पेल्यात रस उरला नव्हता, तरी वासंती बराच वेळ पीत राहिली. गाडेवाल्याने घंटी वाजवली. दोघं दोन दिशांना गेली, आणि वासंती ऑफिसऐवजी पोस्टाच्या रस्त्याला लागली. वळून आली तेव्हा आपलं आपल्यालाच हसू आलं.

आता दांड्याचं. केळीचा घड कापला की त्याच्याबरोबर दांडा येतो. दांडा कुणी खात नाही, पण काट्यावर तो वजनात येतो. म्हणून घेणारा व्यापारी दर क्विंटलमागे ठरलेलं वजन कापून घेतो. त्याला म्हणायचं कट्टी. वहिवाट जुनी, आणि तिच्यावरचं भांडणही तेवढंच जुनं. पावतीवर वजन यायचं ते कट्टी कापून, हे संस्थेत पोरासोरांना ठाऊक. इतकं ठाऊक, की शेठबरोबर काम ठरवताना ते कुणी बोललंच नाही.

वासंतीला पावती करताना ते आठवलं. तिने विचार केला, साक्रीकडचा मुलगा, बाजरी-नागलीच्या मुलखातला. त्याला दांडा काय कळणार? विचारायला जावं तर बिचाऱ्याला ओशाळं वाटेल. तिने मुकाट्याने आपल्या बाजूला कट्टी कापली. काट्याकडून येईल ते उघडं वजन, त्यातून दांडा वजा, उरलं ते पावतीवर. आपण किती समजूतदार आहोत याचं तिला बरंही वाटलं.

इकडे लोटनलाही ओशाळंच व्हायचं नव्हतं. केळीच्या मुलखातली मुलगी. तिच्याकडून दांडा शिकण्यापेक्षा आधीच शिकून जावं. एका रविवारी तो हायवेवर नशिराबादला उतरला. तिथे केळीचे ट्रक भरत होते. दिवसभर हमालांच्या मध्ये बसून त्याने घड कसा कापतात, पान घालून कसा रचतात, कट्टी कशी धरतात ते सगळं विचारून घेतलं. संध्याकाळी शर्टाला केळीच्या चिकाचे डाग घेऊन धुळ्याला परतला. ते डाग जन्मात जात नाहीत, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मग आपल्या तुकड्यातच त्याने कट्टी कापून टाकली. वासंतीकडे आकडा जाईल तो तयार, दांडा काढलेला. तिला कळेल तेव्हा कळेल. सांगण्यात काय मजा?

दोघांनी एकमेकांसाठी केलेलं पोटात ठेवलं, आणि दांडा दोनदा कापला गेला.

काटा संस्थेत बसला. जुना काटाही शेजारी ठेवला होता, पडताळ्यासाठी. आठवडाभरातच संस्थेचे चेअरमन तोतारामआबा, म्हणजे सुपडूभाऊंचे चुलतभाऊ, यांचा शेठला फोन आला, की तुमचं मशीन वजन खातं. पोटभर खातं. शेतकरी पावत्या घेईनात. सोमवारी कमिटीसमोर करून दाखवा, नाहीतर उचलून न्या.

शेठ चिडले, पण आवाज न चढवता. चढवलेल्या आवाजाने काम होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी जळगावला आणि धुळ्याला एकच निरोप दिला. ज्याच्या बाजूला चूक सापडेल तो घरी जाईल. आणि सोमवारपर्यंत दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, डबाही पाठवायचा नाही; तुम्ही एकमेकांना सांभाळून घ्याल. शेठला बऱ्याच गोष्टी न सांगता कळत.

वासंतीने शनिवारी लोटनकडून येणारा आकडा उघडा करून बघितला. तो आधीच कापलेला होता, कट्टीला कट्टी बरोबर. ती खुर्चीत मागे टेकली. पहिलं मनात आलं ते चुकीबद्दल नव्हतंच. ह्याला दांडा माहीत आहे. साक्रीच्या माणसाला. कुठे शिकला? कुणासाठी शिकला? …चूक मागाहून आठवली.

गंमत अशी, की दोन्ही बाजू एकेकट्या बरोबर होत्या. कुणाही एकाने कट्टी काढून टाकली असती तर पावती बिनचूक झाली असती. पण काढणारा तो चुकणारा. शेठ तेवढंच बघणार. आपली कट्टी काढली तर चूक आपली, नोकरी जाणार, आणि आईने दिलेला शब्द उभा राहणार. ठेवली तर लोटन शेतावर परत, साक्रीला. काय वाचतं आणि काय जातं, तिने दोन्ही बाजू मांडून बघितल्या. मग आपल्याकडची कट्टी पुसून टाकली.

धुळ्यात लोटनला एक पावती मिळाली होती, नथ्थूच्या ओळखीच्या ड्रायव्हरकडून. आकडे मांडताच त्यालाही कळलं. त्याने भुसावळचं पाइपांचं दुकान कधी पाहिलं नव्हतं, पण ते त्याच्या डोळ्यांसमोर चांगलं दुमजली उभं होतं. त्याने आपल्याकडची कट्टी पुसून टाकली.

सोमवारी सकाळी दोघं संस्थेत आली. तो धुळ्याच्या बसने, ती शेठच्या गाडीने. आपापला नवा तुकडा दोघांनी शेठच्या डोळ्यांदेखत मशीनवर चढवला, एकमेकांकडे न बघता. म्हणजे न बघण्याची खूप काळजी घेत.

कमिटी खुर्च्यांवर बसली. मागे शेतकरी उभे होते. व्यापाऱ्यांकडून सुकदेव नावाचा त्यांचा माणूस आलेला, हातात पानाचा डबा. भरलेला ट्रक काट्यावर चढला. पावती खडखडत बाहेर आली. तोतारामआबांनी चष्मा वर करून वाचली, जुन्या काट्याच्या आकड्याशी ताडली, पुन्हा वाचली.

कट्टी शून्य. दांड्यासकट सगळं वजन पावतीवर.

वासंतीने लोटनकडे बघितलं. लोटनने वासंतीकडे. काय झालं ते दोघांना एकदमच समजलं, आणि लोटनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"कट्टी कुणी काढली?" रतिलालशेठनी विचारलं.

"मी," वासंती म्हणाली.

"मी," लोटन म्हणाला. त्याचं तिच्या आधी झालं की नंतर, यावर पुढे दोघांनी पुष्कळ वाद घातला.

शेठ म्हणाले, की एकाने काढली असती तर दुसऱ्याची राहायला हवी होती. तेव्हा दोघांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. तिने कापली का, त्याने कापली का, आणि आता पुसली का. पहिल्या दोन कारणांना धंद्यातली कारणं म्हणता आलं. तिसरं कारण सांगायची वेळ आली तेव्हा लोटन अडखळला, वासंती खिडकीबाहेर बघू लागली, आणि खोलीतल्या सगळ्या बायकापोरंवाल्या माणसांना ते न सांगता कळलं.

तोतारामआबांनी पावतीची घडी केली. "दोघंही म्हनता चूक माही. मंग भांडन कोनाचं हाये, शेठ?"

सुकदेव उठला आणि पावती चुकीची आहे, कट्टी घालून पुन्हा काढा म्हणाला. मागे उभ्या शेतकऱ्यांत कुणीतरी हसलं. आबा मात्र गंभीर होते.

"मशीन शिकलेलं हाये," ते म्हणाले. "त्यानं सांगतलं दांडा कापू नका. आता शिकलेल्याचं आमी आयकू नही का?"

कमिटीने तिथल्या तिथे ठराव केला. काटा पसंत. असेच आणखी काटे घ्यायचे. आणि मशीनला हात लावायचा नाही.

बाहेर ट्रकच्या सावलीत लोटन उभा होता. वासंती तिथे गेली. आजवर दोघं एकमेकांशी शाळेतल्यासारखी पुस्तकी मराठी बोलत आली होती. मधली, दोघांनाही चालेल अशी. त्या दिवशी ती लोटनला सुचेना.

"तुले भुसावळले जाऊ देवानं नव्हतं माले," तो म्हणाला. आणि मग जमिनीकडे बघत राहिला, शब्द तिथेच पडल्यासारखा.

वासंतीनेही मग आपली बोली काढली, फैजपूरची. "मंग कुठी नेशीन?"

तो घोटाळला. एवढ्या पुढचा विचार त्याने केलेला नव्हता. "साक्रीले… पन धुळ्याले बस बदलनी पडस."

"पडू दे," ती म्हणाली.

केळीच्या पानांवरून वारा आला. पानं फाटकी होती, आवाज मोठा झाला. ट्रकवरचा हमाल मुद्दाम खोकला. दोघं हसली आणि बाजूला झाली, पण फार नाही.

आता कुणी काय भरलं ते बघू. व्यापाऱ्यांनी दांड्याचे पैसे भरले, पण थोडेच दिवस. महिना उलटायच्या आत त्यांनी भाव तेवढ्याने उतरवला, आणि दांडा शेतकऱ्यांच्याच अंगावर परत आला. फक्त आता तो पावतीवर दिसत नव्हता. रतिलालशेठनी काहीच भरलं नाही. उलट नव्या काट्यांचं काम मिळालं. व्यापाऱ्यांना शांत करायला एक डोकं हवं होतं, ते त्यांनी लोटनचं दिलं, त्याला कामावरून काढून. लोटन धुळ्यात एका क्लासमध्ये सी शिकवू लागला, निम्म्या पगारावर. मुलांना तो पहिल्याच दिवशी सांगे, की समोरच्याने काय करून ठेवलंय ते विचारल्याशिवाय काही कापू नका. मुलं लिहून घेत.

सुपडूभाऊ पंधरा दिवस मुलीशी बोलले नाहीत. मुलगा आपल्यातला नव्हता. तोतारामआबा दोनदा घरी येऊन गेले. म्हणाले, आपल्यातले आपण पुष्कळ पाहिले. दुसऱ्याची चूक आंगावर घेणारा दाखव एखादा. शेवटी सुपडूभाऊंनी लग्न जळगावात करून दिलं, छोट्या हॉलमध्ये, बरी पंगत घालून. पुरुषमंडळी जेवून गेली आणि प्रकरण मिटलं, असं त्यांनी धरलं. वासंतीची नोकरी राहिली. शनिवारी धुळ्याची बस पकडायची, एवढीच भर पडली.

एप्रिल आला. त्या दिवसांत गल्लीतल्या बायका पाळीने एकमेकींकडे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायला जमतात. ज्वारीचा घाटा चुलीवर ढवळून हटायला एक, ओल्या कापडावर थापायला दोघी-तिघी, गच्चीवर वाळत घालायला एक. एकटीचं ते कामच नव्हे. प्रमिलाबाई सगळ्या घरी जाऊन आल्या. त्यांना कुणी नको म्हटलं नाही. लग्नानंतर त्यांच्या घरची पहिली पाळी आली तेव्हा जावेची कंबर दुखत होती, नणंदेकडे पाहुणे होते, आणि शेजारणीला निरोपच पोचला नव्हता.

त्या पहाटे उठल्या. घाटा हटला, खाली उतरवला, थापला, गच्चीवर नेला, परत खाली आल्या. ऊन डोक्यावर येईपर्यंत निम्मे झाले होते. दुपारी सुपडूभाऊंनी विचारलं, आज घर एवढं गप्प कसं? त्या म्हणाल्या, बायका लवकर आटपून गेल्या.

पुढच्या शनिवारी वासंती आईने पाठवलेला बिबड्यांचा डबा घेऊन धुळ्याच्या बसमध्ये चढली. लोटनने एक बिबडा भाजून खाल्ला आणि म्हणाला, तुमच्याकडच्या बायकांचा हात एकसारखा कसा बसतो, कमाल आहे. वासंतीने डब्यातले बिबडे एकेक करून बघितले. सगळे एकाच हाताचे होते, आईच्या. तिने झाकण लावलं, आणि त्या उन्हाळ्यात दोघांनी ते जपून जपून खाल्ले.